टेन्शन नंबर चार

लँकेस्टर, पेन्सिल्व्हेनिया
रविवार, दुपार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल आहोत. प्रकृतीने, एवढंच म्हणेन. घरात तीन आठवड्यांपासून दोन पक्ष पडलेत. सुती पक्षाची अध्यक्ष तुमची सून मनीषा, पॉलिएस्टर पक्षाची तुमची नात मुक्ता. आणि मी दोन्हीकडून बोलणी खाणारा मतदार.

सुरुवात तूच केलीस, आई. गेल्या उन्हाळ्यात परत निघताना विमानतळावर तुझी बॅग २३ किलोच्या वर गेली. चॉकलेटचे डबे आत ठेवून तू सहा जुन्या साड्या बाहेर काढल्यास आणि म्हणालीस, “राहू देत, पुसायला होतील.” मनीषाने त्या पुसायला घेतल्या नाहीत. वाचनालयात क्विल्ट शिवायला शिकवतात, तिथे तिने नाव घातलं. क्विल्ट म्हणजे आपली गोधडीच, फक्त हिला फी भरावी लागते. आणि इथे नवंकोरं कापड विकत आणतात, कातरून त्याच्या चिंध्या करतात, मग त्या चिंध्या पुन्हा जोडतात. हे शेजारच्या काकूंना सांगू नकोस, त्यांना मी अमेरिकेत सुखी आहे असं वाटतं.

तर वाद दोऱ्याचा. मनीषाच्या बाईंचा नियम असा, की सुती कापडाला सुती दोराच हवा. दोरा कापडापेक्षा मजबूत नसावा. ताण आला तर आधी दोरा तुटावा. दोरा पुन्हा घालता येतो, कापड फाटलं की संपलं. पॉलिएस्टर हट्टी, तो तुटत नाही, वर्षानुवर्षं घासून कापडच कापतो. क्विल्ट शंभर वर्षं टिकली पाहिजे, म्हणतात. शंभर वर्षांनी तक्रार घेऊन कोण येणार, असं मी विचारलं. त्या दिवशी भात मीच लावला.

मुक्ताचं म्हणणं उलट. माझे सगळे शर्ट सुती आणि त्यांची शिवण पॉलिएस्टरची. एक तरी शर्ट शिवणीवर कापला गेलाय का? (नाही. पोटावर उसवलेत, पण तो दोष दोऱ्याचा नाही.) शिवाय सुती दोऱ्याचा तूस पडतो. बॉबिनची पेटी उघडली की आत पिंजाऱ्याचं दुकान! बाबा, पस्तीस वर्षं सायझिंगमध्ये काढलेल्या माणसाला इथे अगदी घरच्यासारखं वाटेल.

तुमच्यासाठी आणखी एक गंमत. इथल्या रिळावर ५० असा आकडा असतो. ५० किलोमीटर दोऱ्याचं वजन एक किलो, असा त्याचा अर्थ. इचलकरंजीहून कोल्हापूरला जाऊन बरंचसं परत येण्याइतका दोरा एका किलोत. तुम्ही आता चष्मा कपाळावर चढवून म्हणणार, “काउंट असा नसतो, ८४० यार्डांच्या किती लडी पौंडात बसतात तो काउंट.” मान्य. पण आकडा चढला की सूत बारीक, एवढं दोन्हीकडे सारखं.

शेवटी जाणत्यांना विचारू म्हणून आम्ही आमिश लोकांच्या एका शेतावर गेलो. आमच्या आसपास त्यांची मोठी वस्ती आहे. तारेवरची वीज घेत नाहीत, घोड्याच्या बग्गीतून फिरतात. क्विल्ट शिवण्यात त्यांच्या बायकांचा हात धरणारं कोणी नाही. मनीषाला खात्री होती, इथे सुती पक्षाला बहुमत. ओसरीवर एक आजीबाई टाके घालत बसल्या होत्या. इतके बारीक, की तू असतीस तर आधी त्यांच्या चष्म्याचा नंबर विचारला असतास. मनीषाने त्यांच्या निळ्या झग्याचं कौतुक केलं, “सुती ना?” आजीबाई म्हणाल्या, “छे, पॉलिएस्टर! दोरीवर टाकला की वाळतो, इस्त्री नको. सात पोरांचं धुणं होतं माझ्याकडे.” गाडीत परतताना मनीषा बोलली नाही. मुक्ता सारखी बोलत होती.

मग मी तह करायला इतिहास काढला. पॉलिएस्टरचा धागा १९४१ साली विनफील्ड आणि डिक्सन यांनी शोधला, इंग्लंडातल्या लँकेशरमध्ये. सुती दोरा कॉस्टिक सोड्यात बुडवून मजबूत करण्याची युक्ती काढणारा जॉन मर्सर, तोही शंभर वर्षं आधीचा लँकेशरचाच. आणि आमच्या या लँकेस्टरला नावही तिथल्याच गावाचं. म्हणजे ही सगळी एका गावातली भाऊबंदकी! दोघींनी माझ्याकडे पाहिलं आणि इस्त्री चालू ठेवली.

आता मुख्य प्रसंग. बाईंनी सांगितलं, आधी कापडाची जात ओळखा. कडेचा एक धागा काढून जाळा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून आक्रसतं आणि कडक मणी उरतो. मुक्ताने चिमट्यात धरून एकेक धागा जाळला. पाच साड्यांची राख झाली. सहावी तुझी जांभळी, १९८७ च्या दिवाळीची, “शुद्ध सुती आहे हो, ह्यांनी पारखून आणलीय” वाली. तिचा धागा जळला, राख पडली, आणि राखेत मणीही निघाला. तेवढ्यात छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायला लागला आणि मी टॉवेल घेऊन स्टुलावर चढलो. आई, ती साडी टेरीकॉट आहे.

पण त्यानेच वाद मिटला. तुझ्या साडीत सूत आणि पॉलिएस्टर जवळजवळ चाळीस वर्षं एकत्र नांदलेत. बंबाचं पाणी सोसलं, धोपटणं सोसलं, आणि कुणी कुणाला कापलं नाही.

तेव्हा युती झाली आहे. वरून मुक्ताचा पॉलिएस्टर, खाली बॉबिनमध्ये मनीषाचा सुती. दोन्ही दोऱ्यांचा ताण जमवायला मशीनवर एक चाक असतं, शून्य ते नऊ. त्याला इथेही टेन्शनच म्हणतात. दोन रविवार घालवून आमचं चारवर जमलं. तुझ्या गोधडीला असलं चाक नव्हतं. कडेने सुरू करून तू फिरत फिरत मध्यावर यायचीस, आणि दोन-चार वर्षांनी दोरा विरला की वर आणखी एक लुगडं अंथरून पुन्हा पहिल्यापासून. दोरा कोणता, हे तुला कधी कुणी विचारलंही नाही. आता मी विचारतो. कोणता होता गं?

क्विल्ट झाली की पाठवतो. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
अविनाश

ता. क. बाबा, पत्र तुम्ही मोठ्याने वाचता आणि आई तोवर चष्मा शोधत असते, हे मला ठाऊक आहे. जांभळ्या साडीपाशी आलात की थेट क्विल्टवर उडी मारा. पण तिला चष्मा सापडलाच, तर पस्तीस वर्षं सूत पारखणाऱ्या माणसाला टेरीकॉट कशी कळली नाही, की कळली होती पण तेव्हा स्वस्त पडली, याचा खुलासा तुमचा तुम्हीच करा.