जोडून सुट्टी, सोडून मुंबई

डिसेंबरात नवं ‘कालनिर्णय’ खिळ्यावर चढलं की पूर्वी घरातली वडीलधारी मंडळी संकष्ट्या आणि लग्नाचे मुहूर्त बघायची. आता बघायचा मुहूर्त एकच. शनिवार-रविवारला लागून तांबडी तारीख आली आहे का? शुक्रवारी किंवा सोमवारी पडलेली सुट्टी म्हणजे साक्षात लक्ष्मी. मंगळवारची किंवा गुरुवारची म्हणजे कष्टाची लक्ष्मी, कारण मधला दिवस ताप आणून भरून काढावा लागतो. बुधवारची सुट्टी कुणाच्याच उपयोगाची नाही आणि रविवारी आलेली सुट्टी हा तर भरदिवसा पडलेला दरोडा. १५ ऑगस्ट रविवारी आला की देश नेमका त्याच तारखेला स्वतंत्र झाल्याबद्दल हळहळणारी माणसं आमच्या कचेरीत आहेत.

यंदा २६ जानेवारी सोमवारी आला. त्यामुळे सांगलीचे आमचे साडू, ज्यांना सगळं घर नाना म्हणतं, मुंबई बघायला निघाले. नाना बँकेतून निवृत्त झालेले. माणूस निवृत्त होतो, त्याच्यातला शाखाधिकारी होत नाही. त्यांनी आधी ‘चलो मुंबई’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि त्यावर एक तक्ता टाकला. रकाने चार: वेळ, स्थळ, कालावधी, शेरा. पहिली ओळ अशी होती: ‘७.२५ सीएसएमटी आगमन. स्टेशन पाहणे, ५ मि.’ दुसरी: ‘८.१५ गेटवे.’ तिसरी: ‘घारापुरी लेणी, जाऊन-येऊन ४५ मि.’

लाँचला नुसतं पोचायलाच तासभर लागतो, मग पायऱ्या शंभराच्या वर, असं मी कळवलं. नानांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘पायऱ्या भरभर चढणे.’

स्टेशनची पाच मिनिटं मला जास्त लागली. फ्रेडरिक स्टीव्हन्स या माणसानं ती इमारत दहा वर्षं खपून बांधली. घुमट, कमानी, भिंतीवरचे दगडी मोर, फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ. २००४ साली ती जागतिक वारशात गेली. पण तिची मोठी अडचण अशी की ती गाडीतून उतरल्या उतरल्या समोर येते, तिला तिकीट नाही आणि ती कधी बंद नसते. असल्या गोष्टीला प्रेक्षणीय स्थळ कोण म्हणेल?

बंद असण्यावरून आठवलं. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद, म्हणजे त्याच्या पोटातली कान्हेरीची शंभराहून अधिक लेणीही बंद. तिथल्या बिबट्यांना आठवड्यातून एक दिवस माणसं बघावी लागत नाहीत, ते ठीकच आहे. हे ऐकून नाना म्हणाले, “मग सोमवारी म्युझियम करू. ते सोमवारी उघडं असतं, मी बघितलंय.” नानांनी बरोबर बघितलं होतं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सोमवारी उघडंच असतं. ते वर्षातून अगदी मोजके दिवस बंद ठेवतात: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर.

या चार तारखा कुणी काढल्या असतील, हा संशोधनाचा विषय आहे. सांगलीच्या, साताऱ्याच्या, जालन्याच्या नोकरदार माणसाला चारचौघांसारखी पोराबाळांना घेऊन मुंबईला येण्याची संधी ज्या दिवसांनी मिळते, नेमक्या त्याच दिवशी दाराला कुलूप. एरवी कुठल्याही मंगळवारी सकाळी सव्वादहाला जा, दार सताड उघडं असतं. मंगळवारी सकाळी सव्वादहाला नाना बँकेत होते. आता ते निवृत्त आहेत, तर मुलगा बँकेत आहे.

नाना डगमगणारे नव्हेत. त्यांनी शनिवार-रविवार ठासून भरला. मग मी मेगाब्लॉक सांगितला. रविवारी मध्य रेल्वेवर माटुंगा ते मुलुंड, हार्बरवर आणखी कुठेतरी, रुळांच्या देखभालीसाठी गाड्या वळवतात, काही रद्द होतात. आमचं घर मुलुंडला. रुळ दुरुस्त झालेच पाहिजेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण मुंबईचं एकूण धोरण यातून स्पष्ट होतं. पाच दिवस तुम्हाला कचेरीत नेऊन सोडण्याची जबाबदारी शहराची. सहाव्या-सातव्या दिवशी तुम्ही मजा करायला निघालात तर ती तुमची. नानांनी शेरा लिहिला: ‘रविवारी रिक्षाने गेटवे.’ वांद्रे आणि सायनच्या पुढे रिक्षा जात नाही, हे कळल्यावर ते काही काळ ग्रुपवर दिसले नाहीत.

मेहुणीचा आग्रह मंगळदास मार्केटचा. रविवारी बंद. म्हणजे खरेदी शनिवारी, त्याच दिवशी लेणी, त्याच दिवशी सिद्धिविनायक. “अगं, एवढं कसं जमणार?” असं बायकोनं विचारलं. “तू मुंबईला राहून इतक्या वर्षांत काय बघितलंस?” असा उलट प्रश्न आला आणि तो विषय तिथेच थांबला.

नानांना मी समजावलं की यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, इथे सम्राटाचंही असंच झालं होतं. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी डिसेंबर १९११ मध्ये अपोलो बंदरावर उतरले, त्यांच्या स्वागतासाठी गेटवे ऑफ इंडिया. पण राजा आला तेव्हा कमान उभीच नव्हती. त्यांना म्हणे पुठ्ठ्याची कमान दाखवून वेळ मारून नेली. खरी कमान जॉर्ज विटेटनं आरामात बांधली आणि ती ४ डिसेंबर १९२४ रोजी खुली झाली, तेव्हा राजेसाहेब लंडनला. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिशांची शेवटची पलटण याच कमानीतून बोटीवर चढली. येणाऱ्यासाठी मागवलेली कमान जाणाऱ्याच्या उपयोगाला आली. मुंबईत पाहुणा आणि प्रेक्षणीय स्थळ यांची गाठ पडत नाही, ही रीत इतकी जुनी आहे. नाना तर साधे पेन्शनर.

आणि घारापुरीचं म्हणाल तर तिथला हत्तीसुद्धा ठरलेल्या ठिकाणी पोचलेला नाही. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, त्याला १८६४ साली इंग्लंडला न्यायचं ठरलं. उचलताना क्रेन तुटली, हत्तीचे तुकडे झाले आणि लंडनऐवजी त्याची रवानगी भायखळ्याला झाली. पुढे तुकडे जुळवून त्याला उभा केला. आज तो राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. लंडनला निघालेला माणूस भायखळ्याला उतरून पडल्यावर जसा दिसेल, तसाच दिसतो.

राणीच्या बागेचं नाव निघताच नातवंडं ग्रुपवर जागी झाली. पेंग्विन! बाग बुधवारी बंद, म्हणजे सोमवारी उघडी. तक्त्यातली ही पहिली ओळ, जिला मला नाही म्हणता आलं नाही. २०१६ साली सोलहून आणलेले हे हम्बोल्ट पेंग्विन थंडगार काचघरात राहतात. त्यांचं घर आमच्या वन बीएचकेपेक्षा ऐसपैस आहे, त्यात पोहायला पाणी आहे आणि दोन वेळची मासळी हातात मिळते. सुट्टीच्या दिवशी काचेच्या अलीकडे घामाघूम माणसांची रांग सरकत असते. पेंग्विन ती शांतपणे बघतात. त्यांना मुंबईदर्शनासाठी कुठे जावं लागत नाही, अख्खा महाराष्ट्र त्यांच्यासमोरून नेतात.

नानांच्या चिरंजिवांना सी लिंक हवा होता. तो २००९ पासून उभा आहे आणि साडेपाच किलोमीटरहून थोडा लांब आहे. त्यावर थांबायला मनाई, उतरायला मनाई, फोटोसाठी थांबणं तर मुळीच नाही. टोल भरायचा आणि बघून संपायच्या आत पलीकडे वरळीला निघायचं. २१.८ किलोमीटरचा अटल सेतू २०२४ साली झाला, तिथेही तेच. सुरुवातीला लोक त्यावर गाड्या उभ्या करून सेल्फी काढू लागले, तर दंड झाले. शहराकडे दाखवण्यासारख्या ज्या नव्या वस्तू आहेत, त्या डोळ्यांसमोरून पळवत नेऊन दाखवण्याकडे कल आहे. सुनेला वांद्र्याच्या बॅंडस्टँडला ‘मन्नत’ बघायचं होतं. शाहरुख खानचं फाटक. ते मी सुचवलं असतं तर हसण्यावारी नेलं असतं, पण हे एकच स्थळ असं आहे की ते बंद असलं तरी गर्दी कमी होत नाही. लोक बंद फाटकाकडे पाठ करून फोटो काढतात आणि समाधानानं परत जातात. पुरातत्त्व खात्यानं यातून काही शिकावं. सोमवारी लेणी बंद ठेवा, पण बाहेर एक चांगलं फाटक लावा.

मग रात्री नानांचा खाजगी निरोप आला, ग्रुपवर नव्हे. “सोमवारी संध्याकाळी आपण दोघेच जरा बसू.” २६ जानेवारीला ड्राय डे असतो, हे मी त्यांना कळवलं. यावर मात्र त्यांनी शेरा लिहिला नाही.

आता तुम्ही म्हणाल, मुंबईकर पाहुण्यांसाठी एवढं करतात, तर जोडून सुट्टीत ते स्वतः काय करतात? ते मुंबईत नसतात. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीतल्या निम्म्या गाड्या हलतात. लोणावळा, महाबळेश्वर, अलिबाग, कुणी नाशिकला द्राक्षाच्या मळ्यात. तिथली माणसं गर्दीला कंटाळून मुंबईला येतात. म्हणजे राज्याची अर्धी लोकसंख्या दुसऱ्या अर्ध्या लोकसंख्येच्या गावी जाऊन ‘काय गर्दी आहे हो!’ असं म्हणते. माझा प्रस्ताव साधा आहे. खालापूरच्या टोलनाक्याजवळ सरकारनं एक मांडव घालावा. मुंबईकरानं तिथे येऊन आपल्या वन बीएचकेची किल्ली द्यावी, सांगलीकरानं आपल्या वाड्याची द्यावी, एक वडापाव खावा आणि एकमेकांच्या घरी जाऊन झोपावं. बघायचं काही नाही. सोमवारी परत येऊन किल्ल्या बदलायच्या. दोघांनाही बदल होतो, लेणी बंद असल्याचं कुणाला कळत नाही.

पण हे कोण ऐकणार? रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं. नानांनी दिवस मोजून, आदल्या दिवशी मोबाइल चार्ज करून, सकाळी आठच्या ठोक्याला बोट ठेवलं आणि तरी वेटिंग आलं. त्याच क्षणी महाराष्ट्रातल्या कितीतरी नानांनी तेच कालनिर्णय बघून तेच बोट ठेवलं होतं. शेवटी मुलाची गाडी काढली. कराड, सातारा, खंबाटकी, पुणे, एक्स्प्रेसवे. तक्त्यातलं ‘सीएसएमटी आगमन’ खोडून ‘मुलुंड आगमन ११.००’ झालं. स्टेशनची पाच मिनिटं त्यात गेली.

शनिवारी अकरा वाजता नाना खंडाळ्यात होते. बोरघाटाचं एक तंत्र आहे. जोडून सुट्टीत मुंबईहून वर चढणाऱ्या गाड्यांची रांग हाताबाहेर गेली की पुण्याकडून उतरणारी वाहतूक काही वेळ अडवतात आणि मुंबईकडची लेनही वर चढणाऱ्यांना देऊन टाकतात. म्हणजे मुंबईची माणसं मुंबईतून बाहेर पडेपर्यंत सांगलीची आत सोडत नाहीत. एकूण जागेचा विचार केला तर हे शास्त्रशुद्धच आहे.

नानांचा फोन आला. आवाज प्रसन्न. सगळे खाली उतरले होते, मेहुणीनं दशम्यांचा डबा उघडला होता, नातवंडं कठड्याशी उभी राहून खालची दरी बघत होती. समोरून आमच्या सोसायटीतलं एक कुटुंब वर जाताना दिसलं, त्यांनी हातही केला म्हणे. “इथं बरं वाटतंय,” नाना म्हणाले. “आता थांबलोच आहोत तर तक्त्यात घेऊन टाकतो. तो बामच्या जाहिरातीचा पूल कुठाय हो? लहानपणी बघितलेला.”

“अमृतांजन पूल? तो पाडला, नाना. १८३० सालचा होता. २०२० च्या एप्रिलमध्ये, लॉकडाऊनमध्ये सुरुंग लावून पाडला.”

पलीकडे थोडा वेळ नुसते हॉर्न ऐकू आले. मग ग्रुपवर सुधारित तक्ता आला. स्थळ: अमृतांजन पूल. कालावधी: शून्य मि. शेरा: ‘कायमचा बंद (सोमवार धरून).’