जे आधी येईल ते

गॅरेजवाल्याने डिपस्टिक ओढली, फडक्याला पुसली, परत खुपसली, परत ओढली. टोकावरचा थेंब चिमटीत चोळला आणि नाकाशी नेला. हवा भरायला आलेला रिक्षावालाही निकाल ऐकायला थांबला. "काळं पडलंय साहेब." आवाज असा, की जवळच्या नातेवाइकांना कळवावं का, असं मला वाटून गेलं.

ऑईल तीन आठवड्यांपूर्वीच बदललं होतं, दुसऱ्या गॅरेजात. हे मी बोललो नाही. फॅमिली डॉक्टर बदलल्याची कबुली त्यापेक्षा सोपी. डिझेल गाडीचं ऑईल काही दिवसांतच काळं होतं. काजळी स्वतःत धरून ठेवायची, इंजिनात साचू द्यायची नाही, हेच त्याचं काम. फरशी पुसून फडकं पांढरंशुभ्र निघालं तर आपण पुसणाऱ्याला जाब विचारतो. ऑईल काळं निघालं की मात्र मुकाट पाकीट काढतो.

बरं, बदलायचं कधी? बाबा 5,000 किलोमीटरवर ठाम आहेत. मारुती 800 घेतली तेव्हा हिशेब कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांशेजारी मांडायचे. गाडी गेली, आकडा राहिला. मेहुणा 15,000च्या खाली बोलत नाही, कारण तो फुल्ली सिंथेटिक भरतो. डब्यावरच्या 5डब्ल्यू-30मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, हे कळल्यापासून तो मे महिन्यातही थंडीची काळजी करत असतो. शोरूममधून फोन येतो तो 10,000चा, पण त्याच दमात इंजिन फ्लश आणि आणखी दोन इंग्रजी विधी सुचवले जातात. सत्यनारायणाला बसल्यावर गुरुजींनी वाढवलेली दक्षिणा आणि हे, दोन्हींना नाही म्हणता येत नाही.

शेवटी पुस्तिका काढली. टोलच्या पावत्या आणि बडीशेपेच्या पुड्यांखाली ती प्लास्टिकच्या पिशवीत कुमारिकेसारखी पडून होती. 10,000 किलोमीटर किंवा 1 वर्ष, जे आधी येईल ते. वाटलं, संपला वाद. पण खाली बारीक अक्षरांत होतं: वापर खडतर असेल तर त्याच्याही आधी. खडतर म्हणजे? जवळजवळच्या फेऱ्या, धूळ, उकाडा, पावलोपावली थांबणं, इंजिन चालू ठेवून उभं राहणं. मी दोनदा वाचलं. माणसाने कर्वे रोड पाहिलेला दिसतो.

म्हणजे पुण्यात 'सर्वसाधारण वापर' होतो तो दिवाळीत, निम्मं गाव गावाला गेलेलं असताना. एरवी सिग्नलला इंजिन घरघरत असतं, ऑईल शिजत असतं आणि किलोमीटरचा काटा म्हणतो, आपण हललोच कुठे?

आमच्या पार्किंगमधले काका तर या काट्याचे लाडके. गाडी वर्षाला सातशे किलोमीटर, तेही चतुःशृंगीपर्यंत. दर रविवारी कव्हर काढायचं, आरशाला फडकं मारायचं, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, परत कव्हर. "मोकळं राहतं." खरं तर ऑईलचा याहून मोठा छळ नाही. पाच मिनिटांत इंजिन धड तापत नाही. आतली वाफ आणि न जळलेलं इंधन उडून जायच्या ऐवजी ऑईलमध्येच मुरतं. पण त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला हे सांगणार कोण?

मी सांगितलं. पुस्तिकाच नेली. काकांनी चष्मा लावला, सातशेने दहा हजाराला भागलं. "चौदा वर्षं निघाली की आपली!"

"काका, किलोमीटर किंवा वर्ष. जे आधी येईल ते."

त्यांनी पुस्तिका मिटून माझ्या हातात दिली.

"आमच्या वयात आधी काय येईल ते बोलत नाहीत," म्हणाले, आणि चावी फिरवली.