कागदाहून पातळ विहीर

कागदावरच्या विहिरी आपण पुष्कळ ऐकल्या. ही विहीर कागदाहून पातळ आहे. गॅलियम आर्सेनाइडचा काही नॅनोमीटरचा पापुद्रा, दोन्ही अंगांना अ‍ॅल्युमिनियम मिसळलेल्या त्याच पदार्थाच्या भिंती आणि मधे अडकलेला इलेक्ट्रॉन. हिला क्वांटम विहीर म्हणतात. तापलेल्या वस्तूकडून निघालेला अवरक्त किरण येऊन आदळला की इलेक्ट्रॉन टुणकन बाहेर, प्रवाह सुरू, आणि उष्णतेचं चित्र तयार. १९८७ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये बॅरी लेव्हिन आणि मंडळींनी हे करून दाखवलं. मोटार नाही, रात्रीच्या लाईनची वाट पाहणं नाही, आणि विहिरीतून माल वर!

हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूर गावाचा याच्याशी संबंध काय? तो डोक्यावर आहे. ११ फेब्रुवारी २०१३ला सुटलेला लँडसॅट-८ हा उपग्रह ७०५ किलोमीटर उंचीवरून दर सोळा दिवसांनी हिंगणघाट तालुक्याचं चित्र घेतो. त्याच्या उष्णतामापकात याच विहिरी आहेत. २०२१मध्ये त्याचा जुळा भाऊ लँडसॅट-९ही वर गेला, त्यामुळे आता दर आठ दिवसांनी दोघांपैकी एक जण सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास हजर. गावात इतक्या नेमानं येणारं सरकारी काही दुसरं असेल तर वाचकांनी कळवावं. सरकार दुसऱ्यांचं आहे, एवढंच.

त्याला दिसतं काय? ओलिताचं वावर गार, कोरडवाहू तापलेलं. पानांतून पाणी उडत असतं तोवर पीक माठासारखं थंड राहतं. पाणी तुटलं की त्याला ताप चढतो. रात्री दोनच्या लाईनवर, हातात बॅटरी आणि कानात रानडुकराची चाहूल घेऊन कुणी चन्याला पाणी दिलं असेल, तर त्याचा गारवा सकाळी वर नोंदला जातो. जागरण मात्र नोंदलं जात नाही.

लँडसॅट-८च्या मूळ आराखड्यात हा उष्णता पाहणारा डोळा नव्हताच. पश्चिम अमेरिकेतल्या पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्यांनी धोशा लावला, म्हणून तो मागाहून बसवला. त्याला उणे २३० अंशांच्या आसपास गार ठेवावं लागतं. तो स्वतःच तापला तर त्याला स्वतःचाच ताप दिसत राहील. दुसऱ्याची धग कळायची तर आधी स्वतः गार व्हावं लागतं. आपल्या साहेबांच्या केबिनमधला एसी सोळाच्या खाली जात नाही, अडचण तिथेच असावी.

आता हिशेब बघा. या डोळ्याचा एक ठिपका शंभर मीटर बाय शंभर मीटर, म्हणजे एक हेक्टर, अडीच एकर. पारावर हे सांगितलं तर एका काकांनी विचारलं, “मंग माहा धुरा दिसते का त्याले?” नाही काका, धुरा दिसत नाही, तुमचं वावर अडीच एकरांहून कमी असेल तर शेजाऱ्याचं तुमच्यात मिसळतं. काका म्हणाले, “ते तं तसंबी मिसळते.”

पण सातशे किलोमीटरवरून अडीच एकर वेगळे काढता येतात, आणि जमिनीवर उभं राहून आपल्याला दिसतं ते महसूल मंडळ! पीकविम्यात उत्पन्नाची सरासरी मंडळाची, अतिवृष्टीचे ६५ मिलिमीटर मोजायचे तेही मंडळाचे. पर्जन्यमापकावर कोरडं राहिलं आणि तुमची पऱ्हाटी वाहून गेली, तर चूक ढगाची.

उपग्रहाचेही लाड नकोत. ढग आडवे आले की त्याचा हा डोळा आंधळा, म्हणजे ऐन पावसाळ्यात त्याचा भरवसा नाही. उन्हाळी भुईमुगाला आणि रब्बीला मात्र तो चोख आहे. लँडसॅटची चित्रं २००८पासून कुणालाही फुकट मिळतात. अर्ज नको, शिक्का नको. मंडळाची सरासरी काढणाऱ्यांनी एकदा अल्लीपूरचं चित्र उघडावं आणि त्यात किती ठिपके आहेत ते मोजावं.