आयत्या टाकीचे धनी

होसकोट्याच्या नव्या इमारतींत माणसं फार दिवस टिकत नाहीत. कुणाची पुण्याला बदली होते, कुणाला कॅनडाचा व्हिसा मिळतो, कुणाची कंपनीच बसते. मग इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर सोफा, पाळणा, वॉशिंग मशीन आणि 'एकदाही न वापरलेली' ट्रेडमिल रांगेनं उभी राहतात. त्या रांगेत 'फुकट, फक्त घेऊन जा' एवढे शब्द दिसले की काही माणसांच्या अंगात येतं. ही माणसं लोभी नसतात. फुकट वस्तू दुसऱ्या कुणाच्या घरी गेली म्हणजे ती वाया गेली, असं त्यांना मनापासून वाटतं, इतकंच.

आमच्या इमारतीतला या जातीचा उत्तम नमुना म्हणजे क्वालिटीकाका. मूळचे इंदापूरचे, नोकरी नरसापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात. दुसऱ्यानं बनवलेल्या वस्तूतला दोष काढायचा पगार त्यांनी उभा जन्म घेतला, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी हात शिवशिवतात. हॉटेलात इडली आली की ते ती आधी उलटी करून बघतात. लिफ्टचं दार मिटायला किती सेकंद लागतात हे त्यांना तोंडपाठ आहे, आणि ते सेकंद वाढले की लिफ्टवाल्यांच्या आधी त्यांना कळतं. पोरांनी त्यांना क्वालिटीकाका हे नाव दिलं. त्यांनी ते तपासून पास केलं.

होसकोट्यात मराठी माणूस परका नाही, हा त्यांचा आवडता सिद्धांत. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेनं केंपेगौडांच्या वंशजाकडून बेंगळुरू घेतलं आणि पुढे बेंगळुरू, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला, हा इतिहास ते वॉचमनपासून बिर्याणीच्या रांगेतल्या अनोळखी माणसापर्यंत सगळ्यांना ऐकवतात. होसकोट्याची बिर्याणी उजाडायच्या आत मिळते आणि तिच्यासाठी लोक बेंगळुरूहून अंधारात निघून येतात. अशा वेळी झोप अर्धवट आणि पोट रिकामं असल्यानं कुणी वाद घालत नाही. काकांना एवढ्यावरच आपला सिद्धांत सर्वमान्य झाल्यासारखा वाटतो.

तर तिसऱ्या मजल्यावरचं कुटुंब परदेशी निघालं आणि त्यांची माशांची टाकी गटावर आली. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. खाली लोखंडी स्टँड, वर दिवा, आत प्लास्टिकचं जहाज आणि एक सांगाडा. सोबत मासे. हाताच्या पंज्याएवढा एक ऑस्कर, दोन गोल्डफिश, पाच टायगर बार्ब, एक एंजल, चिमूटभर निऑन टेट्रा आणि काचेला तोंड चिकटवून बसलेला एक काळा सकर. त्या घरातल्या मुलांचा जसजसा वाढदिवस येत गेला, तसतसा एकेक मासा आला होता. निवड मुलांची, पैसे आजोबांचे आणि सल्ला दुकानदाराचा; तिघांची कधी एकत्र बैठक झाली नव्हती. देणाऱ्यांनी जाताना सांगितलं, "काही करावं लागत नाही हो, दोन वेळा दाणे टाकायचे." जगात फुकट दिलेल्या प्रत्येक वस्तूबरोबर हे वाक्य दिलं जातं.

भरलेली टाकी हलत नाही. सव्वाशे लिटर पाणी म्हणजे सव्वाशे किलो वजन, काच आणि वाळू निराळी. ती रिकामी करून, मासे बादल्यांत घालून, दोन वॉचमन आणि एक इलेक्ट्रिशियन यांच्या मदतीनं जहागीर पाचव्या मजल्यावर पोहोचली. काका पायऱ्यांवरून पुढे चालत मागच्यांना दिशा सांगत होते. रिकाम्या हातांनी.

ताबा घेतल्यावर नव्या जहागीरदारानं पहिलं काम केलं ते स्वच्छतेचं. फिल्टरमधला स्पंज तपकिरी आणि बुळबुळीत झालेला पाहून त्यांना मागच्या धन्याची दया आली. नळाखाली धरून, पिळून पिळून त्यांनी तो पांढराशुभ्र केला. वाळू धुतली, काच घासली, जुनं पाणी गटारात ओतून सगळं नवं भरलं. झीरो डिफेक्ट.

ती बुळबुळ म्हणजेच टाकीचा जीव होता. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या दाण्यांतून पाण्यात अमोनिया उतरतो; तो माशांना जाळतो. स्पंजवर आणि वाळूवर वाढलेले जिवाणू आधी त्याचं नायट्राइट करतात, मग दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट, आणि ते थोडंथोडं पाणी बदलून काढता येतं. ही जिवाणूंची वस्ती नव्यानं बसायला महिना-दीड महिना जातो. म्हणून टाकी हलवताना स्पंज जुन्याच पाण्यात भिजत ठेवतात आणि धुवायचा झालाच तर त्याच पाण्यात हलका खळबळून घेतात. काकांनी मात्र काम करणारी सगळी माणसं पहिल्या दिवशीच कामावरून काढली आणि कारखाना चकचकीत दिसतो म्हणून खूश झाले. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले.

"बोलतायत माझ्याशी," काका म्हणाले.

"अवो, दम लागलाय त्यांना," काकू म्हणाल्या.

काकूंचं माहेर उजनीच्या काठचं. भीमेवरचं ते धरण १९८० मध्ये पुरं झालं, आणि त्या पाण्यानं कुणाची जमीन घेतली तर कुणाच्या हातात जाळं दिलं. भिगवणच्या बाजारात मासळीचा ढीग बघत ज्या वाढल्या, त्यांना दिवाणखान्यात मासा ठेवून त्याच्याकडे नुसतं बघत बसायची कल्पना पहिल्यापासून विचित्र वाटत होती. ऑस्करकडे नजर जाताच त्यांनी विचारलं होतं, "चिलापी कशाला आणली?"

काकांनी त्यांना हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला किमती मासा आहे, चिलापी नव्हे, हे समजावून सांगितलं. शास्त्राच्या पुस्तकात पाहिलं तर ऑस्कर, एंजल आणि उजनीची चिलापी ही तिन्ही सिक्लिड या एकाच कुळातली. हे मी काकांना सांगितलं नाही. त्यांनी बायकोची माफी मागावी अशी परिस्थिती घरात निर्माण करणं शेजाऱ्याला शोभत नाही.

यानंतर काकांनी वही घातली. तारीख, वेळ, तापमान, टीडीएस, शेरा आणि सही. होसकोट्याचं पाणी बोअरचं किंवा टँकरचं. बादलीच्या कडेला पांढरा थर धरणारं. हे जड पाणी गोल्डफिशला चालतं, निऑनला मात्र मऊ, किंचित आंबट पाणी लागतं. गोल्डफिशला विशीच्या आसपासचं थंड पाणी आवडतं, ऑस्करला पंचवीस-सव्वीस अंश लागतात. होसकोटे समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटरवर. डिसेंबरातल्या रात्री फरशी पायाला बोचते. आता हीटर लावायचा की नाही? क्वालिटी विभागात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न अवघड नव्हता. त्यांनी सरासरी काढली. हीटर तेवीसवर. पाण्याचंही तसंच केलं. अर्धं बोअरचं, अर्धं आरओचं.

"माणसं बोअरच्या पाण्यानं अंघोळ करून केस गाळतायत," काकू म्हणाल्या, "आन् माशांना आरओ!"

तेवीस अंशांवर गोल्डफिश उबून सुस्त झाले आणि ऑस्कर गारठून कोपऱ्यात बसला. सगळे सारखेच नाराज, म्हणजे निर्णय निःपक्षपाती, असा शेरा वहीत पडला.

पुढच्या आठवड्यात स्टॉक जुळेना. निऑन कमी भरायला लागले. काका रोज सकाळी मोजत आणि रोज आकडा उतरत जाई. फिल्टर उघडून पाहिला, स्टँडखाली टॉर्च मारला, मांजर येते का म्हणून बाल्कनीत पीठ पसरून पावलांचे ठसे तपासले. शेवटी कारखान्यातली पद्धत काढली: पाच वेळा 'का' विचारायचं, मूळ कारण सापडतं. दिवाणखान्यात मला समोर बसवून त्यांनी सुरुवात केली. निऑन कमी का झाले? दिसत नाहीत म्हणून. दिसत का नाहीत? टाकीत नाहीत म्हणून. टाकीत का नाहीत?

"चिलापीच्या पोटात हायत म्हणून," काकूंनी आतून सांगितलं. तिसऱ्या 'का'लाच काम झालं.

तोंडात मावेल तो मासा खायचा, हा ऑस्करचा साधा नियम. त्यात राग नाही, द्वेष नाही. काकांना मात्र त्याचा नैतिक धक्का बसला, कारण दाणे तर वेळेवर दिले जात होते. त्याच सुमारास टायगर बार्बनी एंजलच्या लांब परांच्या झिरमिळ्या केल्या. काका होसकोट्यातल्या दुकानात तक्रार घेऊन गेले. दुकानदार दख्खनीत म्हणाला, "साब, पाँच बस नैं. और पाँच लेके जाव. आपसमेच लड लेते, दूसरे मछलीकू छोड देते." मारकुटे कमी करायचे तर मारकुटे वाढवा, हा सल्ला काकांना धंदेवाईक वाटला. पण तो खरा आहे. बार्ब मोठ्या थव्यात असले की चावाचावी आपापसात वाटून घेतात. मोजके असले की बाहेरचं गिऱ्हाईक शोधतात. एंजलला मात्र तशाही टाकीत ठेवू नये, हे दुकानदार बोलला नाही. विकायला त्याच्याकडे आणखी एंजल होते.

उरला सकर. दुकानात त्याला 'टँक क्लीनर' म्हणतात, म्हणून काकांचा त्याच्यावर सगळ्यांत जास्त विश्वास. आपल्याच खात्यातला माणूस. प्रत्यक्षात तो खातो त्या मानानं घाण भरपूर करतो, दिवसा पडून राहतो, रात्री हिंडतो, आणि शेवाळ कमी पडलं की झोपलेल्या गोल्डफिशच्या अंगावरचा बुळबुळीत थर चाटतो. वाढतो मात्र नेमानं. फूटभर सहज होतो. तपासणीसच गडबड करतो हे कळल्यावर काका दोन दिवस गप्प होते. तेवढ्यात लिफ्टचं दार बिघडलं, तरी त्यांनी तक्रार केली नाही.

मग त्यांना तोड सुचली. होसकोट्याचा तलाव जवळच आहे, भरपूर पाणी आहे. रविवारी सकाळी ऑस्कर आणि सकर तिथे सोडून द्यायचे. पुण्यही लागेल. पिशवीही आणली होती. काकू दारात उभ्या राहिल्या.

"खबरदार तळ्यात टाकाल तर. आमच्या उजनीत ह्येच झालंय. कुणीतरी घरातला सकर सोडला, आता जाळ्यात त्योच येतोय. काट्यानं जाळी फाडतोय, बाजारात त्याला कुत्रं इचारत न्हाई. तुमचं पुण्य आमच्या भावाच्या जाळ्यात अडकतंय."

काका थांबले. आयुष्यात प्रथमच कुणीतरी त्यांना दोष, कारण आणि परिणाम असं तिन्ही एका दमात दिलं होतं, आणि तेही वही न उघडता. दक्षिण अमेरिकेतला हा सकर शोभेच्या टाक्यांतूनच भारतातल्या नद्या-तलावांत उतरला आहे. एकदा बसला की निघत नाही.

शेवटी बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या एका दुकानदारानं ऑस्कर आणि सकर परत घेतले. पैसे दिले नाहीत. काकांनी ते फुकट दिले आणि देताना म्हणाले, "काही करावं लागत नाही हो, दोन वेळा दाणे टाकायचे." एंजल आणि बार्ब वेगवेगळ्या घरी गेले. टाकीत गोल्डफिशची जोडी राहिली. हीटर काढला, आरओ बंद झाला, स्पंजावर पुन्हा तपकिरी बुळबुळ धरली आणि काकांनी वहीत तिच्यासमोर पहिल्यांदाच 'ठीक' असा शेरा मारला. सरासरी सगळ्यांना लावता येते, मानवत कुणालाच नाही, हे त्यांनी मान्य केलं असावं. निदान माशांच्या बाबतीत. इडली अजून उलटी होते.

फुकट वस्तूचे पैसे पडत नाहीत, म्हणून माणूस तिची किंमत ज्ञानानं चुकवतो. आणि मग ते ज्ञान शेजाऱ्यांकडून वसूल करतो. काका आता होसकोट्यातले मत्स्यतज्ज्ञ आहेत. लोक फोन करून विचारतात, ते सांगतात, आणि खरं सांगायचं तर बरोबर सांगतात. तुमच्याही गटावर उद्या अशी टाकी आली तर आधी विचारा: आत कोण आहे, तो पूर्ण वाढून किती होतो आणि कोण कुणाच्या तोंडात मावतं. स्पंज नळाखाली धरू नका. नको झालेला मासा दुकानात परत द्या, तळ्यात मात्र कधीच सोडू नका. आणि काका भेटलेच तर 'मासे कसे आहेत?' असं विचारू नका. 'बरे आहेत' हे सांगायला त्यांना पाऊण तास लागतो.