काचेतली भाऊबंदकी

समुद्र वऱ्हाडापासून पाचेकशे किलोमीटर लांब आहे आणि त्यावाचून वऱ्हाडी माणसाचं आजवर काही अडलेलं नाही. कापूस, तूर, संत्री यांतल्या कुणालाच खारा वारा लागत नाही. आमच्या अकोल्याच्या साडूंना मात्र बँकेतून निवृत्त झाल्या झाल्या समुद्राचा लळा लागला. त्यांनी तो हॉलमध्ये, टीव्ही आणि देवघर यांच्या मधल्या जागेत, तीनशे लिटरचा बसवून घेतला.

समुद्राला लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे साडूंच्या समुद्राला साडेदहा किलो. लोणच्याचं खडं मीठ चालत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे सगळं मापात असलेलं खास मीठ बादलीतून येतं. ते पाहून शेजारच्या काकांना राहवेना. ते दर्यापूरकडचे, म्हणजे ऐन खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात, अकोला, अमरावती आणि बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. "खाऱ्या पान्याचे पैसे कायले देता भाऊ? आमच्या वावरातून टँकर भरून आना, फुकटात समुद्र!" साडूंनी समजावलं की त्या पाण्यातले क्षार वेगळे, आणि खरं सांगायचं तर समुद्रापुढे ते पाणी काहीच खारं नाही. काकांना हे लागलं. पिढ्यान् पिढ्या ज्या पाण्याला शिव्या घातल्या ते पुरेसं खारटही निघू नये, हा त्यांना गावाचा अपमान वाटला.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो अकोल्याचा आहे. बाहेर पारा ४५ च्या पुढे, माशांना हवं २६. म्हणून चिलर. चिलर पाणी गार करतो आणि गरम हवा हॉलमध्ये सोडतो, म्हणून त्याच्या तोंडासमोर कूलर. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज संध्याकाळी आरओच्या कॅनमधलं बिनमिठाचं पाणी वरून घालायचं. "मानसाईनं नळाची वाट पाहाची अन् माशाईले घरपोच कॅन," असं ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण.

या सरंजामात राहायला आले सात हिरवे क्रोमिस. क्रॉफर्ड मार्केटमधून ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत, थर्माकोलच्या खोक्यात, अंबा एक्सप्रेसनं. बोटाएवढा मासा, पण रंग असा की एका अंगानं पाहिला तर पोपटी आणि वळला की आकाशी. सात जण एकदम वळले की काचेतून एक झगझगीत लाट जायची. साडू मूळचे अमरावतीचे, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर वाढलेले. १९१४ साली निघालेल्या या मंडळाच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. साडूंना शिस्त म्हणजे जीव की प्राण. ते टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचे आणि मला फोन करायचे, "काय कवायत करून रायले भाऊ! एकाचा पाय इकडचा तिकडे नाई." माशाला पाय नसतो हे मी सांगितलं नाही.

मग एके सकाळी कवायतीला सहाच जण हजर होते. सातवा पंपाच्या मागे, डोकं खाली करून उभा. शेपटीची कड झालरीसारखी फाटलेली, पाठीवरचे दोन-तीन खवले गायब. साडूंचा संशय आधी टाकीतल्या खेकड्यावर गेला, मग ताईंच्या फडक्यावर. दुपारभर पाळत ठेवल्यावर गुन्हेगार सापडला. सगळ्यांत थोराड क्रोमिस. तो तसा काही करत नव्हता. सगळ्यांबरोबर पोहायचा, वळणावर जरा रेंगाळायचा आणि सगळ्यांत लहान असेल त्याच्या कुशीत एक टोचा मारून पुन्हा रांगेत. तो झाला की दुसऱ्या नंबरचा तेच तिसऱ्याला. सगळ्यांत लहान असेल त्याला सगळ्यांकडून. साडूंनी त्याच दिवशी थोराडाचं नाव पाटील ठेवलं.

थव्यानं राहणारे प्राणी एकमेकांच्या मायेनं एकत्र राहतात ही आपली समजूत. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या शास्त्रज्ञानं १९७१ साली एक निबंध लिहून तिची पार वाट लावली. कळपातला प्रत्येक जण, त्याचं म्हणणं, आपल्या आणि शत्रूच्या मधे दुसरा कुणीतरी असावा एवढ्याचसाठी गर्दीत घुसतो. समुद्रात क्रोमिस मोठमोठ्या थव्यांनी फांद्याफांद्यांच्या पोवळ्यावर तरंगत असतात आणि मोठा मासा दिसला की सगळे एका झटक्यात फांद्यांत शिरतात. मोठा लहानाला टोचतो तिथेही, पण तिथे टोचे एवढ्या जणांत वाटले जातात, आणि मार खाणाऱ्याला पळायला जागा असते. साडूंच्या समुद्रात खायला वेळेवर, पाणी गार, शत्रू एकही नाही. एवढं सुख मिळाल्यावर सख्ख्या भावांना दुसरं काम काय उरतं? वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात विचारा. बाप असेपर्यंत सगळे एका बैलगाडीत. बाप गेला, वावराचे वाटे झाले की दर पेरणीला धुरा एक तास पलीकडे सरकतो. पाटलाचा धुरा डाव्या कोपऱ्यातल्या दगडापासून हिटरपर्यंत होता आणि रोज बोटभर पुढे जात होता.

कॉनराड लोरेंत्स यांनी १९६३ साली आक्रमकतेवर जे पुस्तक लिहिलं त्याची सुरुवातच पोवळ्यातल्या माशांपासून आहे. हे मासे परक्या जातीच्या माशाकडे फारसं लक्ष देत नाहीत, आपल्या जातीचा दिसला की अंगावर जातात, हे त्यांनी टाक्यांत पाहिलं. पुढे १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं. आमच्याकडे तहसील कचेरीच्या बाहेर बसणाऱ्या कुठल्याही अर्जनविसाला हे ठाऊक असतं, पण तो लिहितो फक्त अर्ज.

तिसऱ्या नंबरच्या भावाच्या कुशीवर लाल चट्टा उठला तेव्हा ताईंनी मला अकोल्याला बोलावून घेतलं. अमरावती-अकोला रस्त्यावर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरची एक लेन सलग १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून काढली आणि गिनीज बुकात नाव लागलं. त्या विक्रमी रस्त्यावरून एका माशाच्या आजारपणाला भेटायला जाणारा मी पहिलाच असेन. पाहिलं, तर चट्टा चाव्यासारखा दिसत होता पण चावा नव्हता. क्रोमिसच्या अंगात युरोनेमा नावाचा एकपेशीय जीव शिरतो आणि आतून मांस खात जातो. प्रवासानं, मारानं खचलेल्या माशाला तो लवकर धरतो. म्हणजे पाटलानं मारलं की रोगानं, हा प्रश्न कोर्टात टिकला नसता. औषध म्हणून साडूंनी मेट्रोनिडाझोल काढलं, लग्नाच्या पंगतीनंतर आपण घेतो तेच. ते खाण्यातून द्यायचं होतं आणि रोग्यानं खाणं सोडलं होतं.

मुंबईच्या दुकानदाराचं म्हणणं पडलं, जोडीनं आणू नका, विषम संख्येत आणा. सात विषमच असतात, हे साडूंनी बँकेच्या आवाजात सांगितलं. "मग अजून सहा घेऊन जा," तो म्हणाला. दुकानदार आणि वकील, भाऊबंदकी मिटवा असं दोघंही कधी सांगत नाहीत. त्यातल्या त्यात शहाणपणाचा सल्ला होता तो दगड हलवण्याचा. टाकीतले सगळे दगड उचलून नव्या जागी ठेवायचे. कुणाचा कोपरा कुठला हे कुणालाच कळेनासं होतं आणि मारामाऱ्या काही काळ थांबतात. आम्ही दोघांनी बाह्या सरसावून टाकीतला सातबारा कोरा केला. पाटील दिवसभर गोंधळून मधोमध उभा होता, आणि बाकीचे चक्क रांगेत. साडूंचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी पाटलानं नवी मोजणी करून घेतली.

सातांचे चार झाले, चारांचे दोन. शेवटी उरला पाटील एकटा, तो एवढ्या मोठ्या वावरात दिवसभर काचेतल्या आपल्याच प्रतिबिंबाला टोचे मारत होता.

आता साडूंनी दुसऱ्या जातीचा अभ्यास सुरू केला आहे. विदूषक माशाकडे ते आधी वळले होते. पीटर बस्टन या संशोधकाचं २००३ चं काम त्यांच्या वाचण्यात आलं. या माशांच्या घरात मोठ्या-धाकट्याची उतरंड पक्की असते आणि धाकटा स्वतःची वाढ मुद्दाम रोखून धरतो. वरच्याच्या मापाला भिडलो तर आपल्याला हाकलतील, हे त्याला कळतं. हे वाचून साडू बराच वेळ गप्प होते. छत्तीस वर्षं त्यांनी बँकेत काढली आहेत. "हे मासे नको," एवढंच म्हणाले.

मग आले अँथियस. शेंदरी रंगाचे, तेही थव्यानं राहणारे, एक नर आणि भोवती माद्यांचं खटलं. गेल्या रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो, पातोडीचा रस्सा होता, आणि साडू हातात घास घेऊन समजावून सांगत होते. लेव्ह फिशेलसन यांनी १९७० साली दाखवलं की नर मेला किंवा काढून घेतला की माद्यांतली एक, सहसा सगळ्यांत दांडगी, नर होते. रंग बदलते, सगळंच बदलते, कारभार पुढे चालू. म्हणून नर तगडा निवडायचा, त्याचे पैसे जास्त पडतील, पण घराला कर्ता पुरुष हवा.

ताई पोळी वाढता वाढता थांबल्या.

"मंग त्याच्यावर पैसे कायले घालता?" त्या म्हणाल्या. "नुसत्या बाया आना. कोन नर व्हायचं ते त्या पाहून घेतीन."

साडूंनी घास खाली ठेवला आणि दुकानदाराला फोन लावला. दुकानदार म्हणाला, वहिनी बरोबर सांगतात.