वाघ्याच्या वाटीतलं मटण

पिशव्या राहू द्यात हो वहिनी, इकडे या आधी. जास्वंदीच्या बाजूने या, तिकडे मुंगळे झालेत. होळी झाल्यावर मुलाकडे बंगळुरूला गेलात त्या आत्ता उगवताय, श्रावण लागल्यावर! मधल्या काळात आपल्या गल्लीत काय काय होऊन गेलं, कुठून सांगू?

समोरच्या काकूंच्या घरी मटण येतं.

हसू नका, देवाशप्पथ सांगते. त्याच काकू. आपल्याकडच्या वाढदिवसाला केकमध्ये अंडं आहे म्हणून हातातली बशी खाली ठेवणाऱ्या. त्यांच्या मागच्या पडवीत आता वेगळा छोटा फ्रीज आहे, जुन्या बाजारातून आणलेला, आणि त्यात काय असतं ते ऐका: खिमा, कलेजी, कोंबडीच्या माना. मध्यंतरी तर वजडीसुद्धा होती. चिकन सेंटरवाला पोरगा गेटवर येऊन "काकू, पार्सल!" म्हणून ओरडायचा आणि काकू इकडेतिकडे बघत पदराखाली पिशवी घेऊन आत पळायच्या. आता पदराखाली घेत नाहीत. आता त्याच त्याला विचारतात, ताजं आहे ना रे?

कुणासाठी म्हणजे? वाघ्यासाठी! तो काय, तुळशीपाशी पाय पसरून पडलाय तो. काळा-पिवळा, चकचकीत. तुम्हाला वाटलं विकत आणलाय? अहो, रस्त्यावरचं कुत्रं ते. काकूंचा मुलगा रविवारी सकाळी माधवनगर रोडला फिरायला गेला आणि येताना पोत्यात गुंडाळून हे ध्यान घेऊन आला. अंगभर लूत, पाठीला केस नाहीत, बरगड्या मोजून घ्या. कानात गोचिडं अशी गच्च बसलेली की कातडी दिसत नव्हती. काकू दारातच आडव्या उभ्या राहिल्या, आत आणायचं नाही म्हणून. पण वार पडला रविवार, कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, आणि चंपाषष्ठीला कुत्र्याला भरीत-रोडगा घातल्याशिवाय काकू स्वतः पानावर बसत नाहीत. मुलाने नेमकं तेच काढलं. "वर्षातून एकदाच का तुझा खंडोबा?" म्हणाला. काकूंची बोलती बंद. नावही मग आपोआपच पडलं.

डॉक्टरांकडे नेलं तर हिरड्या पांढऱ्याफटक, नाकातून रक्ताचा थेंब. गोचीडताप. रक्त तपासलं तर प्लेटलेट तीस हजार. निरोगी कुत्र्याच्या दोन लाखांच्या आसपास किंवा वर असतात म्हणे. डॉक्सीच्या गोळ्या दिल्या, चांगल्या २८ दिवसांच्या. आणि बजावलं, गोळी रिकाम्या पोटी द्यायची नाही, अन्ननलिकेला इजा होते. आता आली का पंचाईत! गोळीसाठी पोटात काहीतरी हवं आणि वाघोबा कशालाच तोंड लावीनात. काकूंनी ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून दिली. मान फिरवली. वरणभात, तूप घातलेला. मान फिरवली. पेडा! कुत्र्याला पेडा, वहिनी. तोही नाही.

तेव्हा या कच्च्या खाण्याचं प्रकरण सुरू झालं. मुलाचा कुणी शाळेतला मित्र मेलबर्नला असतो, त्याची कुत्री कच्चंच खातात. त्याने फोनवर अख्खं शास्त्र सांगितलं. ऑस्ट्रेलियात इयन बिलिंगहर्स्ट नावाचे एक जनावरांचे डॉक्टर आहेत, त्यांनी १९९३ मध्ये 'गिव्ह युवर डॉग अ बोन' असं पुस्तक काढलं आणि तिथून हे खूळ... बरं, खूळ नाही म्हणत, ही पद्धत जगभर गेली. म्हणणं असं की कुत्रं मुळात लांडग्याच्या जातीचं, त्याला पिशवीतला कोरडा खाऊ कशाला, कच्चं मांस, मांसाची हाडं आणि काळीज-यकृत असं द्या. त्याचा हिशेबही असतो. शंभरात ऐंशी भाग मांस, दहा भाग हाड, दहा भाग आतले अवयव, त्यातही निम्मी कलेजी, जास्त नाही. जास्त झाली तर अ जीवनसत्त्व अंगात साठून तेच बाधतं. आणि दिवसाला वजनाच्या दोन-तीन टक्के. वाघ्या बारा किलोचा, म्हणजे अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅम. मुलाने कॉम्प्युटरवर तक्ता करून फ्रीजवर चिकटवला. स्वतःच्या शुगरच्या गोळ्या विसरतो तो, पण ते जाऊ दे.

पहिला घास मी बघितलाय, याच कुंपणावरून. मुलाने चमचाभर खिमा कोमट पाण्यात कालवून बशीत घेतला आणि वाघ्याच्या नाकाखाली धरला. नाक हललं. मग मान उचलली त्याने, थरथरत, आणि जीभ बाहेर काढून बशीची कड चाटली. काकू चार हात लांब, नाकाला पदर लावून उभ्या. पण डोळे भरून आले होते त्यांचे, पदर नाकाला होता, डोळ्यांना नव्हता ना! लगेच म्हणाल्या, "अजून घाल की रे." मुलगा म्हणाला, डॉक्टरांनी थोडं थोडंच सांगितलंय. बरोबरच आहे. उपासमार झालेल्या जिवाला एकदम पोटभर घातलं तर रक्तातले क्षार ढासळतात, माणसाचंही तसंच होतं. दर तीन-चार तासांनी दोन-दोन चमचे. रात्रीसुद्धा. मी पहाटे पाणी भरायला उठायचे तेव्हा पडवीत दिवा असायचा.

आणि एक गंमत तुम्हाला म्हणून सांगते. काकूंना हे कच्चं पटलं कशामुळे? ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टरांमुळे मुळीच नाही. कच्चं म्हणजे शिजवायला नको! स्वयंपाकघरात यायला नको, गॅसवर चढायला नको, भांडं बाटायला नको. पिशवीतून वाटीत, वाटीतून वाघ्याच्या पोटात. सोवळ्याच्या घराला याहून सोयीचं काय? हातात प्लास्टिकचा मोजा, वाटी सांडशीत धरलेली, तोंड फिरवलेलं. काकांना मटणाचा भाव कळला तेव्हा म्हणाले, "आपण शाकाहारी राहून वाचवलं ते सगळं या पोराच्या घशात चाललंय."

तर वाघ्या उठला. गोळ्या पोटात टिकायला लागल्या, नाकातलं रक्त थांबलं, पाठीवर लव आली. आणि मुलगा गल्लीभर सांगत सुटला की कच्च्या मटणाने कुत्रं मरणाच्या दारातून परत आलं. इथं माझं जरा बिनसलं.

कारण गोळ्या कुठे गेल्या मग? गोचीडतापावरचं औषध डॉक्सी आहे, खिमा नव्हे. लुतीवरची औषधं वेगळी चालू होती. गोचिडांसाठी पडवी फवारून घेतली, पोती जाळली, काकूंनी चिमट्याने एकेक गोचीड ओढून रॉकेलच्या डबीत टाकलं, त्याचं नाव कुणी घेत नाही. खिम्याने एक मोठं काम केलं, तोंडाची चव परत आणली. तेवढं श्रेय त्याचं. पण ते कच्चं होतं म्हणून की वास मांसाचा होता म्हणून? उकडलेल्या कोंबडीच्या वासानेही त्याने मान उचलली असती की.

माझा भाचा आहे ना, शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकणारा, तो आला होता आंबे घेऊन. त्याला काकूंच्या मुलाने गाठलं. लांडगा, लांडगा सुरू झालं. भाचा म्हणाला, दादा, स्टार्च पचवणारं जे जनुक असतं त्याच्या लांडग्यात दोनच प्रती, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत सापडल्यात, २०१३ मध्ये स्वीडनच्या लोकांनी दाखवून दिलंय. माणसाच्या उकिरड्यावर हजारो वर्षं राहून कुत्रं भाकरी पचवायला शिकलंय. दुधाचं मात्र तसं नाही, मोठ्या कुत्र्यांना ते बऱ्याचदा बाधतं, हे त्याने काकूंना सांगितलं आणि काकूंचा चेहरा पडला.

मग दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. आधी हाडांचं झालं. मुलाने हौसेने माना आणि पायाची हाडं वाढवली. वाघ्याला खडूसारखं पांढरं, कोरडं व्हायला लागलं, बिचारा अंगणात वाकून नुसता कुंथायचा. हाड जास्त झालं की असंच होतं. आणि एकदा तो हाड घेऊन बसलेला असताना मुलगा वाटी उचलायला गेला, तर गुरगुरून हातालाच धरलं. ओरखडाच, पण रक्त आलं. साबणाच्या पाण्याने चांगली पंधरा मिनिटं हात धुतला आणि सिव्हिलला जाऊन इंजेक्शनांचा कोर्स पुरा केला. वाघ्याला रेबीजची लस टोचून झाली होती, पण आजारी कुत्र्याच्या लशीवर किती भरवसा ठेवायचा? शहाणपणाच केला. उपाशी राहिलेलं जनावर, त्याला एवढी मोलाची चीज दिली तर ते राखणारच.

दुसरी गोष्ट जरा मोठी. काकूंची लेक बाळंतपणाला आली. डॉक्टरांनी वाघ्याला तपासता तपासता सहज विचारलं, घरी कोण कोण असतं? लेक सातव्या महिन्यात म्हटल्यावर त्यांनी पेनच खाली ठेवलं. म्हणाले, आजपासून कच्चं बंद. कोंबडीत साल्मोनेला असतो, कुत्र्याला बऱ्याचदा काही होत नाही, पण त्याच्या विष्ठेतून, जिभेवरून तो घरभर फिरतो. फ्रीजरमध्ये ठेवल्याने मरत नाही, नुसता झोपतो. कच्च्या मटणातून टॉक्सोप्लाझ्मा, तो पोटातल्या बाळाला वाईट. अमेरिकेतल्या जनावरांच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१२ मध्येच कच्चं मांस घालू नका असं ठरवून टाकलंय.

आणि वजडी-कलेजीचं ऐकून तर माझ्या अंगावर काटा आला. शेळ्या-मेंढ्यांच्या फुप्फुसात, कलेजीत कधी कधी पाण्याच्या गाठी असतात. खाटीक त्या काढून कुत्र्यांना टाकतात. त्यातून कुत्र्याच्या आतड्यात बारीकसा पट्टकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेत, मातीत, कुत्र्याच्या केसांना. ती आपल्या पोटात गेली की आपल्या यकृतात तशीच गाठ, नारळाएवढीसुद्धा होते. हायडॅटिड म्हणतात. मग ऑपरेशन. म्हणजे कुत्र्याच्या कौतुकाने आपलंच पोट कापून घ्यायचं. म्हणून वाघ्याला लगेच त्या जंतावरचं खास औषध दिलं आणि वजडी फ्रीजमधून गेली.

काकूंचा मुलगा तरी वाद घालत होता, की जंगलात वाघ काय कुकर लावतो का? तेव्हा काकाच म्हणाले, नागपूरच्या गोरेवाड्याचं पेपरात वाचलं नाहीस? २०२४ च्या डिसेंबरात तिथे ठेवलेले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, खायला घातलेल्या कोंबडीचाच संशय होता. यावर मुलगा गप्प.

झालं, आता शिजवायचं कुणी? मुलगा दिवसभर ऑफिसात, सून सकाळच्या शिफ्टला, लेक अवघडलेली. राहिल्या काकू. वहिनी, मी ते दृश्य जन्मात विसरणार नाही. पडवीत जुनी एक शेगडी, टाकाऊ कुकर, काकू श्वास रोखून कोंबडीचे तुकडे आत टाकतायत, झाकण लावून अंगणात धावतायत आणि तिथून मोठ्याने शिट्ट्या मोजतायत. निवलं की मोजे घालून हाडं वेचून काढायची, लाल भोपळ्याच्या फोडी, मूठभर भात, डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची पूड. मीठ नाही, आणि कांदा-लसूण तर अजिबात नाही, कुत्र्याच्या रक्ताला तो विषच. हे ऐकून काकूंचा जीव जरा भांड्यात पडला. म्हणाल्या, "म्हणजे वाघ्या चातुर्मास पाळतो म्हणायचा." त्यानंतर कुकर उघडतात तो पदर न लावता.

प्लेटलेट दोन लाखांच्या वर गेल्या. वजन सतरा किलो. कच्चं बंद करून दोन महिने झाले, तरी केस बघा कसे झळकतायत. नातही झाली, गोरीपान, वाघ्या पाळण्याखालून हलत नाही.

आता मी हे सगळं तुम्हाला का सांगतेय? कोपऱ्यावरच्या पोरांनी काकूंच्या मुलाचं अर्धंच ऐकलंय. चायनीजच्या गाड्यावरची कोंबडीची घाण आणून रात्री गल्लीतल्या कुत्र्यांना कच्ची टाकतात, वाघ्यासारखी तब्येत होईल म्हणे. आणि तुमच्या मुलानेही तिकडे लॅब्राडॉर आणलंय ना? त्याला एवढं सांगा, मोबाईलवर बघून कच्चं सुरू करू नकोस. घालायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून, निरोगी कुत्र्याला, आणि घरात तान्हं मूल, गरोदर बाई, म्हातारं-आजारी माणूस नसेल तर. मला विचाराल तर शिजवूनच घालावं.

आणि हो, रागावू नका, पण तुम्ही ताटातली चिकनची हाडं गेटबाहेर टाकता ना, ती बंद करा. शिजलेलं हाड सगळ्यात वाईट, त्याची अणकुचीदार चिरफळी निघते आणि आतडं फाडते. उरलेली हाडं कागदात गुंडाळून घंटागाडीतच द्या.