काळा फुटलाय!

पुण्याच्या पेठांत जिथे म्हणून ऑफसेटचं मशीन आहे, तिथे आतल्या खोलीत एक प्रीप्रेसवाले काका असतातच. खोलीला एसी असतो तो प्लेटा काढणाऱ्या मशीनसाठी. काका भर मे महिन्यात त्याखाली हाफ स्वेटर घालून बसतात.

फाइल उघडताना फोटोशॉप प्रोफाइलबद्दल काहीतरी विचारतं आणि आपण सगळे न वाचता ‘ओके’ दाबतो. काका तो चौकोन सातबारा वाचावा तसा वाचतात. पडद्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. रंग बघायचा नसतो, इन्फो पॅलेटमध्ये वाचायचा असतो. एम १००, वाय १०० म्हणजे कुंकवाचा लाल. पडद्यावर तो नारिंगी का दिसेना.

त्यांचा खरा वैरी म्हणजे ‘पत्रिकेत फक्त मामांचं नाव वाढवलं’ म्हणणारं गिऱ्हाईक. या भल्या माणसाने घरी छपाईची सीएमवायके फाइल पडद्याची आरजीबी करून पुन्हा सीएमवायके केलेली असते. त्याच्या मते गेलो तसे आलो. पण मजकूर जाताना नुसता के १००, म्हणजे निव्वळ काळा होता, येताना चार रंगांत वाटला गेला. आरजीबीतला पक्का काळा फोटोशॉपच्या नेहमीच्या स्वॉप प्रोफाइलने सी ७५, एम ६८, वाय ६७, के ९० होतो. बेरीज ३००! एवढ्याशा ‘श्री’साठी चार प्लेटा, आणि कागद केसभर हलला की ‘श्री’ला एकीकडून गुलाबी, दुसरीकडून निळी किनार.

लग्नाला गेले तरी काका आधी पत्रिका खिशातल्या भिंगाखाली धरतात. वधूवरांची नावं सावकाश, आधी ठिपके. “काळा फुटलाय,” एवढं बोलून ते पंगतीला बसतात. वधूपित्याला उगाच वाटतं, सोयरिकीत कुणी काड्या घातल्या.

परवा एक नवरदेव स्वतःच आला.

“काका, पत्रिका व्हॉट्सॲपवर टाकलीय.”

“त्यात रंगाचे आकडे राहत नाहीत. मूळ फाइल आणा.”

“पीएनजी चालेल?”

“पीएनजीत सीएमवायके बसतच नाही. टिफ आणा, नाहीतर पीएसडी. प्रोफाइल एम्बेड करून, पेनड्राइव्हवर.”

“अहो, पण मोबाइलवर काय झकास दिसतंय!”

काकांनी स्वेटरचं बटण लावलं.

“मग पाहुण्यांना मोबाइलच वाटा.”